कोलॅजेनची पावडर पोटात गेल्यावर

त्वचा आणि सांध्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कोलॅजेनच्या पावडरीवर नेहमीचा आक्षेप असा असतो: कोलॅजेन हे प्रथिन आहे, पोटात गेलं की ते पचणार, त्याची अमिनो आम्लं (म्हणजे प्रथिनांचे सुटे घटक) होणार, आणि ती अंड्यातून आली काय नि महागड्या डब्यातून आली काय, शरीराला सारखीच. ऐकायला बिनतोड वाटतं, पण हा आक्षेप पुरता खरा नाही. या पावडरीकडे संशयाने बघायला हवं हे मलाही मान्य आहे. फक्त संशयाची खरी कारणं पचनात नाहीत, दुसरीकडेच आहेत.

आधी मूळ प्रथिनाबद्दल थोडं. आपल्या शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी २५ ते ३० टक्के एकट्या कोलॅजेनचं असतं. त्याचे २८ प्रकार माहीत आहेत. त्वचा, हाडं आणि कंडरा (स्नायू हाडाला बांधणारे दोर) यांत मुख्यतः पहिला प्रकार, तर सांध्यांतल्या कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तरात, दुसरा. रेणूची ठेवण तिपेडी वेणीसारखी असते, म्हणजे तीन लांबलचक साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या. ही ठेवण मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४ साली मांडली. (त्यासाठी क्ष-किरणांखाली ठेवलेला नमुना कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेचा होता!) साखळीत दर तिसरी जागा ग्लायसिनची असते, कारण पिळाच्या आतल्या बाजूला त्याहून मोठं अमिनो आम्ल मावतच नाही. तिथे चुकून दुसरं काही येऊन बसलं तर पीळ बिघडतो. हाडं काचेसारखी मोडण्याच्या आनुवंशिक आजारात अनेकदा हेच झालेलं असतं.

उरलेल्या जागांवर प्रोलिन आणि हायड्रॉक्सिप्रोलिन यांची गर्दी असते. यातलं हायड्रॉक्सिप्रोलिन पुढे सारखं भेटणार आहे, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबू. पेशी साखळी विणताना साधं प्रोलिनच घालते आणि साखळी तयार होत असताना त्यातल्या काही प्रोलिनांवर एक एन्झाइम ऑक्सिजनचा अणू चढवतं. या कामाला क जीवनसत्त्व लागतं. ते नसेल तर पीळ सैल राहतो, हिरड्यांतून रक्त येतं, भरलेल्या जखमा पुन्हा उघडतात. लांबच्या सफरींवरचे खलाशी ज्या स्कर्व्हीने मरत, ती हीच.

आता यातून निघणारी एक गंमत बघा. पावडरीत भरपूर हायड्रॉक्सिप्रोलिन असतं आणि जाहिरातीत त्याचं कौतुकही असतं. पण खाल्लेलं हायड्रॉक्सिप्रोलिन नव्या साखळीत घालायची सोयच पेशीकडे नाही. जनुकीय संकेतांत त्याच्यासाठी संकेतच नाही. म्हणजे पावडरीतला सगळ्यात खास घटक कच्चा माल म्हणून कोलॅजेनच्या कामाचा नाही. तो उपयोगी पडत असेलच, तर दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने.

ती वाट समजायला डब्यातल्या पावडरीकडे वळू. जनावरांची कातडी, हाडं, माशांची त्वचा आणि खवले यांतून कोलॅजेन काढतात. अख्ख्या रेणूचं वजन सुमारे तीन लाख डाल्टन (रेणूंचं वजन मोजायचं एकक) असतं. तो नुसता पाण्यात उकळला की पीळ उलगडतो आणि जिलेटिन मिळतं. ते गरम पाण्यात विरघळतं आणि थंड झालं की थिजतं. जिलेटिनवर एन्झाइमं सोडून आणखी तुकडे केले की दोन ते सहा हजार डाल्टनांच्या आसपासची पेप्टाइडं उरतात. ती गार पाण्यातही विरघळतात आणि कितीही वेळ ठेवली तरी थिजत नाहीत. लेबलवरच्या ‘हायड्रोलाइज्ड कोलॅजेन’चा अर्थ एवढाच, की पचनाचं निम्मं काम कारखान्यातच उरकलेलं आहे.

उरलेलं काम जठर आणि आतडं करतं, पण ते शेवटपर्यंत जात नाही, आणि नेमकं इथेच तो बिनतोड आक्षेप लंगडा पडतो. प्रोलिन आणि हायड्रॉक्सिप्रोलिन यांच्यामधला बंध आपल्या बहुतेक पाचक एन्झाइमांना नीट तोडता येत नाही. आतड्याच्या भिंतीत दोन-तीन अमिनो आम्लांचे तुकडे अख्खेच्या अख्खे आत घेणारे वाहक असतात. त्यांच्यामार्फत ही जोडी रक्तात उतरते. २००५ साली जपानी संशोधकांनी उपाशीपोटी स्वयंसेवकांना जिलेटिनचं हायड्रोलायझेट (म्हणजे असेच तुकडे केलेलं जिलेटिन) देऊन रक्त तपासलं. एक-दोन तासांत प्रोलिन-हायड्रॉक्सिप्रोलिनची जोडी रक्तात ठळकपणे दिसली आणि चार तासांनी निम्म्यावर आली. इतर बहुतेक अन्नातून अशी जोडी रक्तात येत नाही, कारण त्यात हायड्रॉक्सिप्रोलिनच नसतं.

रक्तात आलेल्या या जोडीचं पुढे काय? इथे त्वचेच्या आत डोकावावं लागेल. अंतस्त्वचेत फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कोलॅजेनच्या धाग्यांना धरून ताणलेल्या असतात, आणि त्या ताणावरच त्यांचं नवं कोलॅजेन बनवणं चालू राहतं. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्वचेत कोलॅजेन कातरणारी एन्झाइमं वाढतात. धागे तुटले की पेशीची पकड सुटते, ती आक्रसते, कोलॅजेन कमी बनवते आणि कातरणारी एन्झाइमं मात्र जास्त सोडते. वयाबरोबर हे दुष्टचक्र वाढत जातं. मग कल्पना अशी पुढे आली, की रक्तातून आलेले कोलॅजेनचे तुकडे फायब्रोब्लास्टला ‘इथे मोडतोड झाली आहे, कामाला लाग’ असा निरोप देत असतील. प्रयोगशाळेतल्या बशीत या जोडीने फायब्रोब्लास्टची वाढ आणि हायल्युरोनिक आम्लाची निर्मिती वाढलेली दिसली आहे. अर्थात बशीत बऱ्याच गोष्टी घडतात. माणसात घडतात का, हा प्रश्न वेगळा.

माणसांवरच्या चाचण्या कमी नाहीत. २०१४ साली जर्मनीत ३५ ते ५५ वयाच्या ६९ स्त्रियांना आठ आठवडे रोज अडीच किंवा पाच ग्रॅम पेप्टाइडं किंवा पेप्टाइडं नसलेली नुसती दिखाऊ पावडर दिली गेली. पेप्टाइडं घेणाऱ्यांच्या त्वचेची लवचीकता वाढली, असा निष्कर्ष निघाला. लवचीकता मोजायचं यंत्र त्वचेचा छोटासा ठिपका हवेच्या दाबाने वर ओढतं आणि सोडल्यावर तो किती चटकन जागेवर बसतो ते टिपतं. पुढे अशा बऱ्याच चाचण्या झाल्या आणि २०२३ च्या एका एकत्रित विश्लेषणात २६ चाचण्यांमधल्या १,७२१ जणांची गोळाबेरीज केल्यावर ओलावा आणि लवचीकता दोन्ही वाढल्याचंच दिसलं.

आता थोडं गणित. डच संशोधकांनी २००० साली मोजल्याप्रमाणे त्वचेतल्या कोलॅजेनचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं बदलायला लागणारा काळ, साधारण १५ वर्षं आहे. त्या हिशेबाने आठ आठवड्यांत जेमतेम पाऊण टक्का कोलॅजेन बदलेल. पावडरीने वेग दुप्पट झाला असं धरलं तरी दीड टक्का. एवढ्यात त्वचेची वीण नव्याने घातली गेली असं म्हणणं मला पटत नाही. उलट त्वचेतलं हायल्युरोनिक आम्ल एक-दोन दिवसांत निम्मं बदलतं आणि ते पाणी धरून ठेवतं. म्हणजे यंत्राला दिसणारा फरक खरा असेल, तरी त्यात नव्या धाग्यांपेक्षा पाण्याचा वाटा मोठा असावा, असा माझा अंदाज आहे. टवटवी म्हणून तेही वाईट नाही. फक्त डब्यावर जे लिहिलेलं असतं ते हे नव्हे.

आणि मग पैशांचा मुद्दा येतोच. यातल्या पुष्कळ चाचण्यांना पैसा पुरवणारे पेप्टाइडांचे उत्पादकच आहेत. २०२५ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २३ चाचण्यांचं विश्लेषण छापून आलं, एकूण १,४७४ जणांचं. सगळ्या चाचण्या एकत्र धरल्या तर ओलावा, लवचीकता, सुरकुत्या, तिन्हींत फायदा. पण कंपन्यांचा पैसा नसलेल्या चाचण्या वेगळ्या काढल्या, तर तिन्हींत फायदा नाही. दर्जेदार चाचण्या वेगळ्या काढल्या, तरी तेच. कंपनीच्या पैशातून झालेलं प्रत्येक संशोधन खोटं असतं असं कुणीच म्हणत नाही. पण पैसे कोणाचे यावर उत्तर बदलत असेल, तर त्या उत्तरावर किती भर द्यायचा हे ज्याचं त्याने ठरवावं. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तर २०११ मध्ये सांध्यांबाबतचा आणि २०१३ मध्ये त्वचेच्या लवचीकतेबाबतचा दावा पुराव्याअभावी फेटाळला होता.

सांध्यांची गोष्ट मला त्वचेपेक्षा जास्त रंजक वाटते. ‘झिजलेली कूर्चा पुन्हा भरून येते’ हा दावा आपण सगळ्यांनीच ऐकलेला असतो. हा दावा तपासायचं साधन मात्र अणुचाचण्यांनी नकळत देऊन ठेवलंय. १९५० आणि ६० च्या दशकांत हवेत झालेल्या स्फोटांमुळे वातावरणातला कार्बन-१४ (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) जवळजवळ दुप्पट झाला आणि मग हळूहळू उतरत गेला. तो अन्नातून प्रत्येकाच्या शरीरात शिरला. त्यामुळे एखाद्या ऊतीतलं कोलॅजेन कधी तयार झालं, हे त्यातल्या कार्बन-१४ वरून सांगता येतं. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१६ साली वेगवेगळ्या वयाच्या माणसांच्या गुडघ्यांतली कूर्चा अशी तपासली. त्यात असं आढळलं, की कूर्चेतलं कोलॅजेन वाढीच्या वयात तयार होतं आणि नंतर जवळपास बदलतच नाही. सांधा झिजलेल्या रुग्णांतही नाही. त्याच्या आजूबाजूचे शर्करायुक्त रेणू मात्र बदलत राहतात. म्हणजे साठीतल्या माणसाच्या गुडघ्यातलं कोलॅजेन त्याच्या किशोरवयातलंच असतं! शरीर स्वतः जे चाळीस वर्षांत करत नाही, ते चमचाभर पावडर तीन महिन्यांत करून दाखवेल, हे मानायला फारच भक्कम पुरावा हवा, आणि तो नाही.

पण कूर्चा न वाढताही वेदना कमी होऊ शकते, आणि वेदनेबद्दलचे निष्कर्ष इतके कोरडे नाहीत. २००८ साली अमेरिकेत खेळाडू विद्यार्थ्यांना २४ आठवडे रोज १० ग्रॅम हायड्रोलायझेट दिल्यावर सांधेदुखीत थोडी घट नोंदली गेली. गुडघेदुखीच्या इतर चाचण्यांतही अधूनमधून माफक फायदा दिसतो. अडचण एवढीच, की गुडघेदुखीत दिखाऊ औषधानेही बऱ्याच जणांना बरं वाटतं, कारण दुखणं आपोआपच कमी-जास्त होत असतं आणि माणूस डॉक्टरकडे जातो तो दुखणं शिगेला पोचल्यावर.

कोलॅजेनचा आणखी एक प्रकार बाजारात मिळतो आणि लोक हटकून इथे गल्लत करतात. तो म्हणजे कोंबडीच्या छातीच्या कूर्चेतून काढलेलं, पीळ न उलगडलेलं दुसऱ्या प्रकारचं कोलॅजेन. याचा डोस ग्रॅममध्ये नसतो, दिवसाला ४० मिलिग्रॅम असतो. एवढ्याशा मात्रेतून कच्चा माल मिळण्याचा प्रश्नच नाही. इथली कल्पना अशी, की आतड्यातल्या प्रतिकारपेशींना हे प्रथिन रोज थोडं थोडं दाखवलं, तर सांध्यातल्या कोलॅजेनवरचा त्यांचा रोख कमी होईल. आमवातात, म्हणजे प्रतिकारपेशी स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करतात त्या आजारात, हा प्रयोग १९९३ पासून चालू आहे आणि निकाल उलटसुलट आहेत. याचे आकडे पावडरीच्या जाहिरातीत वापरलेले दिसले, तर ती जाहिरात तिथेच बाजूला ठेवावी.

त्वचेतलं असलेलं कोलॅजेन वाचवायचं असेल, तर त्याचा पुरावा जास्त ठोस आहे. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बर इथे ५५ वर्षांखालच्या ९०३ जणांवर साडेचार वर्षं चाचणी चालली. हाताच्या मागच्या बाजूचे सिलिकॉनचे ठसे घेऊन त्वचेवरच्या रेषा मोजल्या गेल्या. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत त्वचेचं वय वाढणं, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी भरलं. ट्रेटिनॉइन या मलमाने उन्हाने खराब झालेल्या त्वचेत कोलॅजेन तयार होणं वाढतं, हेही नमुने काढून दाखवलेलं आहे. मात्र ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच लावायचं, आणि गरोदरपणात नाही.

एवढं वाचूनही कुणाला पावडर घ्यायचीच असेल, तर फार मोठा धोका नाही. पोट जड वाटणं, तोंडाला चव राहणं अशा किरकोळ तक्रारी असतात. माशांची ॲलर्जी असलेल्यांनी ती कशापासून बनवली आहे ते आधी बघावं. रोजच्या प्रथिनांच्या हिशेबात मात्र ती धरू नये, कारण कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतंच. मुतखड्याचा त्रास होऊन गेलेल्यांनी जास्त जपावं. नव्या साखळीत जागा न मिळालेलं ते हायड्रॉक्सिप्रोलिन यकृतात मोडतं आणि त्यातलं काही ऑक्झलेट होऊन लघवीत उतरतं. ३० ग्रॅम जिलेटिन घेतल्यावर निरोगी माणसांच्याही लघवीतलं ऑक्झलेट वाढल्याचं २००६ मध्ये मोजलं गेलं आहे, आणि बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात.