इलेक्टर पद्धतीमागचा कर्जबाजारी न्यायमूर्ती

अमेरिकेत अध्यक्ष जनतेच्या थेट मतांनी निवडला जात नाही. मध्ये इलेक्टर असतात, म्हणजे अध्यक्ष निवडण्यासाठी राज्याराज्यांतून नेमलेले प्रतिनिधी. या पद्धतीवर दर निवडणुकीत वाद होतो. पण ती १७८७ च्या घटना परिषदेत पहिल्यांदा मांडणारे जेम्स विल्सन स्वतः थेट निवडणुकीच्या बाजूचे होते. १ जूनला त्यांनी तेच म्हटलं. कोणी फारसं उचलून धरलं नाही, तेव्हा दुसऱ्या दिवशी त्यांनी इलेक्टरांची तडजोड पुढे केली. तीही तेव्हा फेटाळली गेली, आणि सप्टेंबरमध्ये थोड्या वेगळ्या रूपात परत आली. प्रतिनिधींच्या जागा ठरवण्यासाठी लोकसंख्या मोजताना गुलामांची संख्या तीन पंचमांश धरण्याचा प्रस्तावही त्यांचाच. 'जनता सार्वभौम' म्हणणाऱ्या माणसाच्या नावावर हा डाग आहेच.

विल्सन मूळचे स्कॉटलंडचे, जन्म १७४२ चा. फिलाडेल्फियात जॉन डिकिन्सन यांच्या हाताखाली ते कायदा शिकले, पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइलमध्ये वकिली जमवली, वसाहतींच्या काँग्रेसमध्ये (प्रतिनिधी सभेत) गेले. स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि राज्यघटना, दोन्हींवर सही असलेले फक्त सहा जण, त्यांतले ते एक. तरी लोकप्रियता नव्हतीच. ब्रिटिशधार्जिण्यांची वकीलपत्रं घेतली म्हणून, शिवाय महागाईच्या रागातून, ऑक्टोबर १७७९ मध्ये सशस्त्र जमाव त्यांच्या घरावर चालून आला. गोळीबारात माणसं मेली.

१७८९ मध्ये वॉशिंग्टन यांनी त्यांना सर्वोच्च न्यायालयात नेमलं. 'चिझम विरुद्ध जॉर्जिया' (१७९३) हा त्यांचा गाजलेला निकाल: दुसऱ्या राज्याचा नागरिकही राज्यावर खटला भरू शकतो, कारण सत्ता राज्याची नसून लोकांची. चार विरुद्ध एक. विरोधात एकटे न्यायमूर्ती जेम्स आयर्डेल. पण राज्यं खवळली आणि १७९५ च्या अकराव्या घटनादुरुस्तीने निकाल पुसून टाकला.

तोवर विल्सन जमिनींच्या सट्ट्यात गळ्यापर्यंत बुडाले होते. कर्जापायी न्यू जर्सीत तुरुंगवास झाला. पुढे उत्तर कॅरोलायनात सहकारी घटनाकार पियर्स बटलर यांचं देणं थकल्यामुळे पुन्हा अटक. न्यायमूर्तिपद तेवढं सोडलं नाही. सावकारांना चुकवत ते ज्या ईडंटनला थांबले, ते आयर्डेल यांचंच गाव. तिथेच ऑगस्ट १७९८ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या जागी वॉशिंग्टन यांचे पुतणे बुशरॉड आले. ते वकिली शिकले होते विल्सन यांच्याच कचेरीत.