फादर गोऱ्हे म्हणजे ‘टिळकांच्या आधीचे टिळक’ नव्हेत

नीलकंठशास्त्री ऊर्फ फादर नेहेम्या गोऱ्हे यांची अशी ओळख करून देणं आता थांबवावं. गोऱ्हे आणि कवी ना. वा. टिळक दोघंही ब्राह्मण, दोघंही ख्रिस्ती झाले, दोघंही रेव्हरंड. एवढ्यावर दोन आयुष्यं एका साच्यात कोंबली जातात.

रेव्हरंड ना. वा. टिळक, त्यांचे अभंग, ‘ख्रिस्तायन’, लक्ष्मीबाई हे सगळं वाचकांना ठाऊक आहे. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तो 1895 मध्ये. गोऱ्हे त्याच वर्षी वारले. गोऱ्ह्यांच्या घरातली लक्ष्मी म्हणजे त्यांची मुलगी, इंग्रजीत भक्तिगीतं लिहिणारी एलन लक्ष्मी.

खरा घोटाळा होतो तो चर्चचा. टिळक अमेरिकन मराठी मिशनचे. त्या परंपरेत बिशप नसतो, मंडळी आपला कारभार आपणच पाहते. 1917 मध्ये मिशन सोडून टिळकांनी ‘देवाचा दरबार’ काढला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा दिली. गोऱ्ह्यांना हे कधीच पटलं नसतं. ते अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे, आणि त्यातही विधी आणि बिशपपद यांना फार मानणाऱ्या उच्च (‘हाय चर्च’) परंपरेचे. बिशपचा हात डोक्यावर आल्याशिवाय कोणी धर्मगुरू होत नाही, कारण ती साखळी थेट प्रेषितांपर्यंत जाते, ही तिथली श्रद्धा. काशीत वाढलेल्या या शास्त्र्यांनी मिशनऱ्यांशी वाद घालता घालता 1848 मध्ये बाप्तिस्मा घेतला. धर्मगुरूपदाची दीक्षा मिळायला पुढची वीसेक वर्षं गेली. सुरुवात चर्च मिशनरी सोसायटीच्या इव्हँजेलिकल, म्हणजे विधींपेक्षा बायबलवर भर देणाऱ्या गोटात झाली, पण ओढ वाढली ती संस्कारांची, उपासाची, वैराग्याची. शेवटी ते इंग्लंडमधल्या काउलीच्या अँग्लिकन संन्यस्त संघात उमेदवार म्हणून गेले. अखेरच्या शपथा मात्र त्यांनी घेतल्या नाहीत. त्यांना नुसतं ‘मिशनरी’ म्हटलं की हा सगळा प्रवास पुसला जातो, याची मला चीड येते.

लेखनही याच मुशीतलं. टिळक तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे गेले आणि गात राहिले. गोऱ्हे प्रमाण मागतात. ‘षड्दर्शन दर्पण’ (1860) हिंदीत आहे, आणि त्यात सांख्य, न्याय, वेदान्त यांचं खंडन पंडिताच्या शिस्तीत येतं. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, त्यामागे गोऱ्ह्यांच्या युक्तिवादाचा मोठा वाटा होता. पुढे रमाबाईंनी अँग्लिकन चर्चचा अधिकार मुकाट्याने मानला नाही, हा भाग वेगळा.

त्यांचे निष्कर्ष मला पटत नाहीत, तरी वेदान्तावरचा भाग प्रत्येक मराठी वाचकाने वाचावा. शंकराचार्य त्यांनी गुरूजवळ बसून वाचले होते, हे तिथे पानोपानी दिसतं.