महागड्या रिसॉर्टमध्ये स्कीइंग, आवाक्यातल्या खर्चात
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

स्वित्झर्लंडमधली झेरमॅट आणि व्हेर्बिए, फ्रान्समधलं कूर्शवेल, अमेरिकेतलं ॲस्पेन ही नावं ऐकली की ‘हे आपल्या खिशाचं काम नाही’ असंच बहुतेकांना वाटतं. पण तिथे नेमकं काय महाग असतं ते आधी पाहू या. लिफ्टच्या, म्हणजे उतारावर वर नेणाऱ्या पाळण्या-खुर्च्यांच्या, दाराशी असलेली खोली महाग असते, डोंगरावरचं जेवण महाग असतं आणि हंगामातले ठरावीक आठवडे अतोनात महाग असतात. बर्फ, उतार आणि लिफ्ट मात्र पंचतारांकित हॉटेलात उतरलेल्याला आणि खालच्या गावातल्या साध्या खोलीत उतरलेल्याला सारख्याच मिळतात. म्हणून आमचा सल्ला असा, की पत्ता आणि तारखा यांत पैसे वाचवा. बूट, शिकवणी आणि विमा यांत वाचवू नका.

तारखा आधी, ठिकाण नंतर

खर्चावर सर्वांत मोठा परिणाम तारखांचा होतो. नाताळ ते नववर्ष आणि फेब्रुवारीतल्या शाळांच्या सुट्ट्या, हे आल्प्समधले सर्वांत महाग दिवस. फ्रान्समध्ये हिवाळी सुट्टी तीन विभागांना आळीपाळीने मिळते, त्यामुळे तिथली गर्दी एका आठवड्यात ओसरत नाही, जवळजवळ महिनाभर राहते. अमेरिकेत जानेवारी आणि फेब्रुवारी या दोन्ही महिन्यांतल्या तिसऱ्या सोमवारी सार्वजनिक सुट्टी असते. तिला जोडून येणारे शनिवार-रविवार टाळा.

स्वस्ताईचे काळ तीन. डिसेंबरच्या मध्याला दर उतरलेले असतात, पण खालच्या उतारांवर पुरेसा बर्फ असेलच असं नाही. तेव्हा जायचं तर २,००० मीटरच्या वरचं ठिकाण निवडा. ६ जानेवारीनंतरचे दोन-तीन आठवडे आम्हाला सर्वांत पसंत आहेत. बर्फ कोरडा असतो, रांगा छोट्या असतात आणि शिकवणीचे गटही लहान असतात. थंडी मात्र कडक असते आणि दिवस लहान असल्याने लिफ्ट चार-साडेचारच्या सुमारास बंद होतात. तिसरा काळ मार्चअखेर ते एप्रिल, ईस्टरचे दिवस वगळून. तेव्हा सकाळी बर्फ दगडासारखा टणक असतो आणि दुपारनंतर त्याचा चिखल होतो. अशा दिवसांत सकाळी पूर्वेकडे तोंड असलेल्या उतारांवर आणि नंतर पश्चिमेकडच्या उतारांवर जायचं; दुपारी दोनच्या सुमारास दिवस आटोपता घ्यायचा.

आणखी एक गोष्ट. आल्प्समधली बरीचशी अपार्टमेंट अजून शनिवार ते शनिवार अशीच मिळतात. जिथे रविवार ते गुरुवार किंवा मधल्या वारांचं आरक्षण चालतं, तिथे दर कमी असतोच, शिवाय शनिवारी घाटरस्त्यावर होणारी कोंडीही टळते.

मुक्काम खाली, स्कीइंग वर

फ्रान्समधलं ‘त्रुआ व्हाले’ (तीन दऱ्या) हे सुमारे ६०० किलोमीटर उतारांचं, एकमेकांना जोडलेलं क्षेत्र आहे. कूर्शवेल त्याचाच भाग. आणि कूर्शवेल म्हणजेही एकच गाव नव्हे. १,८५० मीटरवरचं गाव सर्वांत महाग. त्याखालच्या १,६५० आणि १,५५० मीटरवरच्या वस्त्यांमध्ये तसंच ले प्राझमध्ये दर उतरत जातात आणि लिफ्ट मात्र त्याच डोंगरावर नेतात. त्याहून स्वस्त हवं असेल तर ब्रीद-ले-बाँ हे उष्ण झऱ्यांचं गाव पाहा. १९९२च्या आल्बेरव्हिल हिवाळी ऑलिंपिकसाठी तिथून त्याच क्षेत्रातल्या मेरिबेलपर्यंत गोंडोला (तारेवरून जाणाऱ्या बंद डब्यांची लिफ्ट) बांधली गेली. वर पोहोचायला साधारण २५ मिनिटं लागतात. हे गाव ६०० मीटरवर असल्याने दारापर्यंत स्की करत येता येत नाही. संध्याकाळी गोंडोलानेच उतरायचं, म्हणून शेवटच्या फेरीची वेळ पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. ती चुकली तर टॅक्सीत गेलेले पैसे दोन दिवसांची बचत खाऊन टाकतात.

झेरमॅटमध्ये खासगी मोटारींना बंदी आहे. गाडी पाच किलोमीटर अलीकडे तॅशमध्ये ठेवावी लागते आणि तिथून रेल्वेने १२ मिनिटांत वर जाता येतं. तॅशमध्येच खोली घेतली तर भाड्यात मोठा फरक पडतो. झेरमॅटजवळच्या मॅटरहॉर्न शिखराच्या इटालियन बाजूला, २,०५० मीटरवर, चेर्व्हिनिया आहे. दोन्ही गावं वरून लिफ्टने जोडलेली आहेत आणि इटलीत राहणं-जेवणं स्वस्त पडतं. मात्र दोन्ही देशांत चालणारा पास संपूर्ण आठवड्यासाठी घेऊ नका. खिंडीजवळच्या लिफ्ट वाऱ्यामुळे बंद पडतात, आणि पलीकडे असताना तसं झालं तर रस्त्याने वळसा घालून परत यायला काही तास लागतात. आकाश निरभ्र आणि वारा शांत असेल असा एक दिवस हेरून तेवढ्या दिवसापुरतंच जादा तिकीट घ्या, आणि दुपारी वेळेत परत फिरा.

व्हेर्बिएसाठी त्याच्या खालचं ल शाब्ल हे गाव पाहा. रेल्वे स्टेशनला लागूनच गोंडोला आहे, गाडीची गरजच पडत नाही. ॲस्पेनमध्ये चार डोंगर एकाच तिकिटात येतात आणि त्यांच्या दरम्यान मोफत बस धावते. दरीत खाली बसॉल्ट, कार्बनडेल, ग्लेनवूड स्प्रिंग्स अशी गावं आहेत, तिथून बसने ये-जा करता येते. ग्लेनवूड मात्र सुमारे ६५ किलोमीटर दूर आहे. लहान मुलं बरोबर असतील तर इतक्या लांब राहू नका. पहाटे उठवून, बूट-जॅकेट चढवून त्यांना बसमध्ये बसवताना सगळ्यांचाच दिवस मोडतो.

लिफ्ट पास

नवशिक्यांचे सर्वाधिक पैसे वाया जातात ते इथे. पहिले दोन-तीन दिवस फिरत्या पट्ट्यावर आणि एखाद्या छोट्या लिफ्टवरच जातात. त्यासाठी ६०० किलोमीटरचा पास कशाला? सुरुवातीच्या उतारांपुरता वेगळा पास मिळतो, काही ठिकाणी तिथल्या लिफ्ट मोफतही असतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी, इन्स्ट्रक्टरला विचारून, एका दरीपुरता पास घ्यावा. चांगलं स्की येणाऱ्यांनाही आठवडाभर एक दरी सहसा पुरते.

अमेरिकेत खिडकीवर घेतलेलं तिकीट सर्वांत महाग. एपिक आणि आयकॉन हे अनेक रिसॉर्टमध्ये चालणारे पास हंगामाआधी विकले जातात, वसंतात सर्वांत स्वस्त असतात आणि डिसेंबरच्या सुरुवातीच्या सुमारास त्यांची विक्री थांबते. एपिकमध्ये एक ते सात दिवसांचाही पास आहे. स्वित्झर्लंडमधल्या बऱ्याच रिसॉर्टमध्ये तिकिटाचा दर मागणीनुसार बदलतो, त्यामुळे आधी घेतलेलं स्वस्त पडतं. पण असं तिकीट रद्द करून पैसे परत मिळतात का, ते घेण्याआधी वाचा.

पासचं कार्ड जॅकेटच्या डाव्या खिशात एकटंच ठेवा. शेजारी मोबाइल असला तर फाटक उघडायला अडतं. कार्ड जपून ठेवलं तर बऱ्याच ठिकाणी पुढच्या वेळी तेच पुन्हा भरता येतं.

बूट: इथे घाई नको

स्की थोडी कमी-अधिक चालून जाते, बूट चुकला तर सुट्टीच संपते. त्याचं माप पायाच्या सेंटिमीटरमधल्या लांबीवरून ठरतं. भाड्याच्या दुकानात आधी आतलं अस्तर काढून नुसत्या कवचात पाय घालून पाहा. बोटं पुढे टेकवल्यावर टाचेमागे दीड ते दोन सेंटिमीटर जागा राहायला हवी. मग अस्तर घालून बकल लावा. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकेच टेकावीत आणि गुडघे वाकवले की मागे सरकावीत. टाच उचलली जाता कामा नये.

आरामदायक वाटतो म्हणून एक माप मोठा बूट घेणं ही नेहमीची चूक. टाच आत हलते, मग पाय धरून ठेवण्यासाठी बकल आवळले जातात, रक्तप्रवाह अडतो आणि पाय गार पडून दुखू लागतात. मोजे एकच जोडी, पातळ आणि गुडघ्यापर्यंतचे घाला. थर्मलची कड बुटात खोचू नका. नडगीवर तिचा वळ उठतो. पहिल्या दिवशी बूट टोचला तर लगेच दुकानात जाऊन बदलून घ्या, भाड्याच्या दुकानात तेवढं करून देतात.

नवशिक्यासाठी स्की हनुवटी ते ओठांच्या उंचीची आणि मधोमध ७० ते ८० मिलिमीटर रुंद असावी. बाइंडिंगची, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीची, ताकद वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य यांवरून ठरवतात. इथे वजन चोरून सांगू नका आणि कौशल्य फुगवून सांगू नका. वजन कमी सांगितलं तर स्की नको तेव्हा सुटते, कौशल्य फुगवलं तर पडताना सुटत नाही आणि गुडघ्याचे अस्थिबंध फाटतात. सामान ऑनलाइन आधी आरक्षित केलं की भाडं सहसा कमी पडतं.

शिकवणी

सकाळच्या गटशिकवणीचा पाच-सहा दिवसांचा वर्ग घ्या. तो रविवारी किंवा सोमवारी सुरू होतो; पहिला दिवस चुकला तर गट पुढे निघून जातो. मित्राकडून शिकण्यात फी वाचते, पण तो नकळत कठीण उतारावर नेतो आणि तिथे बसलेली भीती जायला वेळ लागतो.

कपडे आणि जेवण

जॅकेट-पँट विकत घेऊ नका, भाड्याने किंवा उसने घ्या. स्वतःचे मोजे, हातमोजे आणि गॉगल असावेत. सुती कपडा अंगालगत नको, घामाने भिजला की वाळत नाही. गॉगलची काच ढगाळ दिवसासाठी फिकट (एस१ किंवा एस२), उन्हासाठी गडद (एस३).

स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या आणि वाणसामान घाट चढण्याआधी खालच्या गावातून भरा. कूर्शवेलला जाताना ते मूतिए. दुपारचा डबा बरोबर असू द्या. फ्रान्समध्ये बऱ्याच ठिकाणी स्वतःचं अन्न खायला वेगळी खोली असते, तिला ‘साल ऑर-साक’ म्हणतात. उपाहारगृहाच्या खुर्चीत बसून डबा उघडू नका.

विमा

साध्या प्रवासविम्यात स्कीइंग बहुधा नसतं. पॉलिसीत हेलिकॉप्टरने सुटका, आखलेल्या उताराबाहेरचं स्कीइंग, इतरांना झालेली इजा आणि उंचीची मर्यादा या चार गोष्टी शोधा. आल्प्समध्ये डोंगरावरून खाली आणण्याचं बिल सहसा जखमीलाच भरावं लागतं. इटलीत १ जानेवारी २०२२ पासून इतरांच्या नुकसानभरपाईचा विमा बंधनकारक आहे. दारू पिऊन झालेल्या अपघाताचा दावा नाकारला जाऊ शकतो.

चौकशी करताना

प्रत्येकाचं वय, उंची, खरं वजन, पायाची सेंटिमीटरमधली लांबी आणि आधी किती दिवस स्की केलं आहे, हे कळवा. तारखा चार-पाच दिवस मागेपुढे चालतील का तेही सांगा, कारण बहुतेक वेळा सर्वांत मोठी बचत आम्हाला तिथेच सापडते.