कॅप (महिला रग्बी युनियन)

देशाच्या संघाकडून १५ जणींच्या कसोटी (म्हणजे अधिकृत आंतरराष्ट्रीय) सामन्यात प्रत्यक्ष मैदानात उतरल्याची अधिकृत नोंद. संघ २३ जणींचा असतो. राखीव ८ जणींपैकी जी सामना संपेपर्यंत बाकावरच राहते तिला कॅप मिळत नाही. अखेरच्या मिनिटाला उतरलेलीला मिळते. सेव्हन्सचे (सात जणींच्या रग्बीचे) सामने यात धरत नाहीत.

पहिली कॅप कोणाची, याबाबत एकमत नाही. १३ जून १९८२ रोजी युट्रेख्त येथे फ्रान्सने नेदरलँड्सला ४-० असे हरवले (ट्रायला, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवण्याला, तेव्हा ४ गुण होते). महिलांचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना म्हणून सामान्यतः याचाच उल्लेख होतो. मात्र सामन्याला कॅपचा दर्जा द्यायचा की नाही हे ज्या त्या देशाची संघटना ठरवते, आणि त्या काळात महिलांचा खेळ अनेक ठिकाणी मुख्य संघटनेबाहेर चालत असे. १९९१ ची वेल्समधील विश्वचषक स्पर्धाही (अंतिम सामना : अमेरिका १९, इंग्लंड ६) जागतिक संघटनेच्या मान्यतेविना झाली, १९९४ च्या स्पर्धेसह तिला २००९ मध्ये मान्यता मिळाली. त्यामुळे जुन्या खेळाडूंचे आकडे जपूनच वाचावेत. १९८२ हाच आरंभ धरणे अधिक सयुक्तिक वाटते. मान्यता उशिरा आली म्हणून खेळ उशिरा सुरू झाला असे होत नाही.

इंग्लंडच्या सारा हंटर यांनी २००७ ते २०२३ या काळात १४१ कॅप मिळवल्या. भारतीय महिलांनी पहिली कसोटी जून २०१८ मध्ये सिंगापूर येथे खेळली. पहिला विजय २०१९ मध्ये मनिला येथे, सिंगापूरवर २१-१९ असा. पुढेही असे सामने मोजकेच वाट्याला आले. भारतीय खेळाडूची कारकीर्द मुख्यतः सेव्हन्समध्ये घडते, तेव्हा केवळ कॅप मोजून तिचे मोल ठरवणे अन्यायाचे आहे.

ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात रग्बीकडे वळणाऱ्या मुलींच्या अंगी कबड्डी आधीपासून मुरलेली असते. खाली वाकून झेपावणे, घोट्याची पकड, वेळ साधणे हे सारे रग्बीत थेट कामी येते. अडचण पकडीनंतर सुरू होते. कबड्डीत चढाई करणारीला सोडायचे नसते. रग्बीत दोघी जमिनीवर आल्या की पकडणारीने तत्क्षणी हात सोडून बाजूला व्हावे लागते, नाहीतर पेनल्टी. पकडणारीचे डोके चेंडू घेऊन धावणारीच्या पायांपुढे आले तर मानेला इजा होऊ शकते. गाल धावणारीच्या पार्श्वभागाच्या मागे टेकवून, खांदा मांडीवर लावून दोन्ही हातांनी वेढा घालावा. हा सराव आधी गुडघ्यांवर, मग चालत, शेवटी धावत करतात. मुरमाच्या कोरड्या मैदानात कोपर-गुडघे सोलवटतात, म्हणून तो मॅटवर किंवा पावसाने मऊ झालेल्या गवतावर घ्यावा.