पट्टी बदलली म्हणजे सूर गेला नव्हे

"सूर गेला बघा बाईचा!" शेजारच्या काकू टीव्हीकडे बोट करून म्हणतात, आणि मी कडक भाकरीचा तुकडा शेंगाच्या चटणीत तसाच सोडून वाद घालायला बसतो. शनिवार-रविवारचं हे ठरलेलंच. स्पर्धक मुलगी साठच्या दशकातलं एखाद्या गायकाचं, म्हणजे पुरुषाचं गाणं घेते आणि आपल्या गळ्याला बेतून गाते. पहिल्याच ओळीला काकूंच्या कानाला काहीतरी निराळं लागतं. निराळं म्हणजे बेसूर, खटला संपला. पुढच्या आठवड्यात एक पोरगा मूळ पट्टीत अट्टहासाने गातो, अंतऱ्यात सपशेल घसरतो, आणि काकू म्हणतात, "कसं डिट्टो म्हटलं की ओ त्यानं!"

"काकू, त्या मुलीचा सूर गेला नव्हता. पट्टी बदलली होती."

"तेच की ओ."

तेच नाही. एवढ्यासाठीच हे लिहितोय.

मी पेटी वाजवतो. भजनात, गणपतीत, कुणाच्या एकसष्टीला. हल्ली सोलापुरात गल्लोगल्ली कराओकेचे ग्रुप झालेत. त्यांना पेटीवाल्याची गरज नसते, तरी पट्टी काढून द्यायला मला बोलावतात. त्यामुळे हा घोळ मी टीव्हीवर एकदा आणि गावात दहादा बघतो.

सुराबद्दल फार बोलत नाही, कारण तो तुम्हाला कळतो. वीस जणांच्या आरतीत एकटाच बाजूला चाललेला माणूस कोण, हे सांगायला कुणाला गाणं शिकावं लागत नाही. स्वर त्याच्या जागेवर लागला तर सुरात, थोडा हलला तर कणसूर, फारच हलला तर बेसूर. संपलं.

पट्टी म्हणजे 'सा' कुठे धरला ते. पेटीच्या एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या मिळून बारा पट्ट्या असतात. त्यातल्या कुठल्याही पट्टीला सा म्हणा आणि गाणं सुरू करा. पुरुष बहुधा काळी एक-दोनच्या, म्हणजे पहिल्या-दुसऱ्या काळ्या पट्टीच्या आसपास गातात, बायका काळी चार-पाचच्या. सा धरला की बाकीचे स्वर त्याच्यापासून ठरलेल्या अंतरावर आपोआप बसतात. गाणं म्हणजे ती अंतरं. आपली जेकार्ड चादर घ्या. मोराची नक्षी चार बोटं वर सरकवून विणली तरी मोर तो मोरच. पण त्याच मोराच्या मानेतला एक धागा चुकला की चादर घडी घालून ठेवली तरी डोळ्यात खुपते. पट्टी बदलणं म्हणजे अख्खी नक्षी सरकवणं, सूर जाणं म्हणजे तो धागा.

आकड्यांत सांगतो, म्हणजे काकूंच्या मुलाला पटेल, तो इंजिनिअर आहे. शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर 100 सेंट धरतात. काळी एकमधलं गाणं मुलीने काळी चारला नेलं, म्हणजे सात पट्ट्या, 700 सेंट हलवलं. तरी सूर शाबूत, कारण सगळेच स्वर मिळून हलले. आणि दुसरा कुणी मूळ पट्टीतच उभा राहून एकटा पंचम, म्हणजे 'प', 30 सेंट खाली लावतो. 700 हलवणारी सुरात आणि 30 हलवणारा बेसूर. हे ज्याला उमगलं त्याने पुढचं नाही वाचलं तरी चालेल.

(पेटीवाल्याने सुराच्या गप्पा मारू नयेत म्हणणारे आहेत, माहीत आहे. पेटीचा शुद्ध गांधार, म्हणजे 'ग', नैसर्गिक गांधारापेक्षा साधारण 14 सेंट चढा असतो, आणि आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला दारातच उभं केलं होतं. कबूल. पुढे चला.)

आता खरी मेख. लोक या दोन गोष्टींत गोंधळतात ते मूर्ख म्हणून नव्हे. चुकीची पट्टी निवडली की तिच्यामागून बेसूरपणा येतो, त्यामुळे दोन्ही एकत्रच दिसतात. तापाने अंग दुखतं म्हणून अंगदुखी म्हणजेच ताप असं कुणी म्हणावं, तसं होतं. जुन्या गाण्यांचा मुखडा बहुतेक वेळा मधल्या सप्तकात रेंगाळतो आणि अंतरा वरच्या, म्हणजे तार सप्तकात चढतो. स्पर्धक घरी मुखडा गुणगुणून बघतो, मस्त बसतो, पट्टी पक्की होते. स्टेजवर अंतरा येतो, तार गांधार गळ्याच्या टोकाला, मानेची शीर फुगलेली, आणि स्वर 40 सेंट खालीच अडकतो. चूक अंतऱ्यात ऐकू आली, पण झाली होती आठ दिवस आधी, घरच्या सोफ्यावर. उलटही होतं: पट्टी फार खाली धरली की मंद्रातले, म्हणजे खालच्या सप्तकातले स्वर नुसत्या हवेत विरतात.

म्हणून ऐकताना एवढंच बघायचं की सूर हलतो कुठे. फक्त वरच्या टोकाला किंवा फक्त तळाला हलत असेल तर गळा बरा आहे, पट्टी चुकली. मधल्या सोप्या स्वरांतही हलत असेल तर कुठलीही पट्टी द्या, काही उपयोग नाही. पहिल्याला पट्टी बदलून द्या, दुसऱ्याला तंबोऱ्यासमोर बसवा. मी एवढ्यावरच निदान करतो आणि क्वचितच चुकतो.

यात एक मधली भानगड आहे. साथ नसताना गाणाऱ्याचा सा हळूहळू सरकत जातो. स्वरांची आपसातली अंतरं ठीक असतात, पण अख्खं गाणंच घसरत किंवा चढत चाललेलं असतं. आमच्या भजनात पेटीशिवाय सुरू झालेला अभंग मध्येच पेटी आली की पाऊण पट्टी खाली सापडतो. आरती मात्र उत्साहाने वर जाते. याला आम्ही 'पट्टी सोडली' म्हणतो. पट्टी बदलणं ठरवून असतं, पट्टी सोडणं नकळत.

टीव्हीने या घोळात एक शब्द वाढवला, तो म्हणजे 'पिची'. परीक्षक म्हणतात, "थोडं पिची झालं." त्यांना म्हणायचं असतं कणसूर. घरात ऐकणारे समजतात, पिच चुकलं म्हणजे पट्टी चुकली. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये आई विचारते, "सर, हिचं पिच वर करून द्या ना." छान मराठी शब्द आहे, कणसूर. तो का वापरत नाहीत देव जाणे. 'हाय पिच' म्हणजे मोठ्याने, असंही एक खूळ आहे. उंच आणि मोठा या वेगळ्या गोष्टी. त्यावर वेळ घालवत नाही.

आणि ही 'मूळ पट्टी' तरी काय चीज आहे? चित्रपट थिएटरात सेकंदाला 24 चौकटींनी चालतो. आपल्याकडचं जुनं टीव्ही प्रक्षेपण 25 चौकटींचं. सिनेमा टीव्हीवर दाखवताना तो तेवढाच जलद पळवायचे, आणि त्याबरोबर गाणंही सुमारे पाऊण पट्टी चढायचं. तेच गाणं तबकडीवर एका पट्टीत, टीव्हीवर दुसऱ्या, आणि पट्टा सैल झालेल्या टेपरेकॉर्डरवर तिसऱ्याच. ज्या काकूंनी आयुष्यभर दूरदर्शनवर सिनेमाच्या गाण्यांचं छायागीत बघितलं, त्यांच्या कानातली मूळ पट्टी कुठल्याच पेटीवर नाही! तरी आग्रह मूळ पट्टीचाच.

मुलग्यांचं तर हालच विचारू नका. सुरेल मुलगा बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत बायकांच्या पट्टीत सहज गातो, मग आवाज फुटतो आणि जवळजवळ एक सप्तक खाली येतो. लिटल चॅम्प्स बघून वेडे झालेले आईबाप त्याला त्याच जुन्या पट्टीत रेटतात आणि वर म्हणतात, "पूर्वी सूर होता, आता गेला." अहो, सूर तिथेच आहे, सा घर बदलून गेलाय.

ऑटोट्यून नावाचं सॉफ्टवेअर 1997 मध्ये आलं. त्याच्या कामावरूनही फरक कळतो. ते चुकलेला स्वर जवळच्या बरोबर स्वरावर नेऊन बसवतं. पण बरोबर म्हणजे कुठल्या पट्टीतलं, हे त्याला आधी तुम्हीच सांगायचं असतं. यंत्राला हा भेद कळतो.

आमच्या भागातल्या एका मंडळाच्या गणपतीत मी दोन वर्षांपूर्वी साथीला होतो. एका कॉलेजच्या मुलीने एका ज्येष्ठ गायिकेचं गाणं घेतलं. तिचा गळा खालचा, भरदार. मीच दोन पट्ट्या उतरवून दिलं. गायली अशी की मागे प्रसादाच्या पातेल्याजवळ उभी असलेली पोरंसुद्धा गप्प झाली. नंतर गुणपत्रिका माझ्या हातात आली, बेरीज करायला दिली होती. 'सूर'च्या रकान्यात वीसपैकी 17 लिहून खोडलेले, त्यावर 11, आणि समासात तिरकं लिहिलेलं: 'स्केल उतरवली'. मी परीक्षकांना म्हटलं, हे सुराचे गुण आहेत. ते म्हणाले, "तेच ना."

पुढच्या वर्षी ती दुसऱ्या मंडळात गेली. तेच गाणं, मूळ पट्टीत. मला विचारलं नाही आणि बरोबरच केलं, मी हो म्हटलं नसतं. पहिला नंबर आला, हातभर उंचीची ट्रॉफी मिळाली, घरच्यांनी ती टीव्हीशेजारच्या शोकेसमध्ये ठेवलीय. दिवाळीत फराळाला गेलो तेव्हा तिच्या आईने मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं. मुखडा गोड झाला होता. अंतरा सुरू झाला, तार गांधार जवळ आला, तशी ती मुलगी उठली आणि तिने स्वतःच आवाज कमी केला.