सापेक्ष वय परिणाम (युवा फुटबॉल)

युवा फुटबॉलमध्ये वयोगट एका ठरावीक तारखेवरून पाडले जातात. त्या तारखेनंतर लगेच जन्मलेली मुले संघांत, अकादम्यांत आणि राष्ट्रीय शिबिरांत आपल्या वाट्यापेक्षा कितीतरी जास्त संख्येने दिसतात आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जन्मलेली मुले गळत जातात. या कलाला सापेक्ष वय परिणाम म्हणतात. प्रशिक्षकांच्या बोलण्यात तो ‘रिलेटिव्ह एज इफेक्ट’ म्हणूनच येतो. बाळे वर्षभर थोड्याफार फरकाने सारखीच जन्मतात, त्यामुळे प्रत्येक तिमाहीचा वाटा २५ टक्क्यांच्या आसपास असायला हवा. प्रत्यक्षात युरोपातील नामवंत क्लबांच्या अकादम्यांत आणि कुमार राष्ट्रीय संघांत पहिल्या तिमाहीचा वाटा वारंवार ४० टक्क्यांच्या घरात जातो, तर शेवटच्या तिमाहीचा दहा टक्क्यांच्या आसपास घुटमळतो.

हे घडते कसे, ते एका निवड चाचणीत पाहता येते. २०१७ साली जन्मलेल्या मुलांची चाचणी फेब्रुवारी २०२५ मध्ये आहे असे धरू. २ जानेवारीचा मुलगा नुकताच आठ पूर्ण झाला आहे, २८ डिसेंबरचा नुकताच सात. कागदावर दोघेही ‘नऊ वर्षांखालील’. पण धाकट्याचे सबंध आयुष्य सात वर्षांचे आहे आणि मोठ्याने त्याच्यापेक्षा जवळजवळ एक वर्ष जास्त पाहिले आहे, म्हणजे धाकट्याच्या आयुष्याचा सातवा हिस्सा. या वयात मूल वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढते. मोठ्याचे पाऊल लांब पडते, खांदा लागला तर पडतो तो धाकटा. मोकळ्या चेंडूपाशी मोठा आधी पोहोचतो आणि प्रशिक्षकाची सूचनाही एकदा सांगून त्याला समजते. धाकटा चेंडूला छान स्पर्श करतो, पण त्याच्यापर्यंत चेंडू येतच नाही. गल्लीतल्या खेळात अशा मुलाला ‘कच्चा लिंबू’ म्हणून सांभाळून घेण्याची आपल्याकडे रीत आहे. निवड चाचणीत कच्चा लिंबू नसतो. वहीत मोठ्याच्या नावापुढे ‘चपळ, समज चांगली’ असा शेरा पडतो आणि धाकट्याच्या नावापुढे काहीच नाही.

निवडणाऱ्याची नियत इथे वाईट नसते. डोळ्यांसमोर जे दिसते ते तो लिहितो. खरी हानी त्यानंतर होते. निवडलेल्या मुलाला चांगले मैदान, शिकलेला प्रशिक्षक, तोडीचे सवंगडी आणि जास्त सामने मिळतात, त्यामुळे दोन वर्षांनी तो खरोखरच सरस होतो. सुरुवातीला निव्वळ महिन्यांचा असलेला फरक आता कसबाचा झालेला असतो आणि पहिली निवड बरोबरच होती असे सगळ्यांना वाटते. घरच्यांच्या आणि प्रशिक्षकांच्या अपेक्षा, मुलाने स्वतःबद्दल करून घेतलेली समजूत, या सगळ्यांची त्यात भर पडते. गळालेल्या मुलांपैकी पुष्कळजण बारा-तेराव्या वर्षापर्यंत खेळच सोडतात, आणि या विषयातली सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट तीच आहे.

या परिणामाकडे अभ्यासकांचे लक्ष पहिल्यांदा फुटबॉलमुळे गेले नाही, ते गेले कॅनडातील आइस हॉकीमुळे. तिथे वयोगटाची तारीख १ जानेवारी. अल्बर्टा प्रांतातील लेथब्रिज येथे एका सामन्याच्या पत्रकातील खेळाडूंच्या जन्मतारखा वाचताना जानेवारी, फेब्रुवारी, मार्च हे महिने पुन्हा पुन्हा येत असल्याचे पॉला बार्न्सले यांच्या ध्यानात आले. त्यांचे पती, मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सले यांनी सहकाऱ्यांसह १९८५ मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. क्वेबेकमधील संशोधकांनी आदल्याच वर्षी फ्रेंच भाषेत असेच निष्कर्ष मांडले होते. १९९० च्या दशकात बेल्जियम, नेदरलँड्स, इंग्लंड, जर्मनी, जपान, ब्राझील आणि ऑस्ट्रेलिया येथील फुटबॉलमध्येही हेच चित्र सापडले.

थंडीत जन्मलेली मुले काटक असतात, किंवा अमुक ऋतूतले गरोदरपण बाळाला मानवते, अशी स्पष्टीकरणे सुरुवातीला दिली गेली. ती टिकली नाहीत, कारण फायदा तारखेबरोबर सरकतो. इंग्लंडमध्ये फुटबॉलचे वर्ष शाळेप्रमाणे १ सप्टेंबरला सुरू होते आणि तिथे सप्टेंबर ते नोव्हेंबरची मुले पुढे असतात. जपानमध्ये १ एप्रिलला सुरू होते आणि तिथे एप्रिल ते जूनची पुढे असतात. ऑस्ट्रेलियाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस तारीख १ जानेवारीवरून १ ऑगस्टवर नेली आणि फायद्याचे महिनेही तिच्यामागोमाग गेले. सर्वांत बोलका पुरावा बेल्जियमचा आहे. तिथे १९९७ मध्ये तारीख १ ऑगस्टवरून १ जानेवारी झाली. संशोधक व्हर्नर हेल्सेन आणि सहकाऱ्यांनी १९९६-९७ आणि १९९७-९८ हे हंगाम ताडून पाहिले, तेव्हा एका वर्षात ‘गुणवान’ मुलांचे जन्ममहिने बदललेले आढळले. ऑगस्ट-सप्टेंबरची मुले मागे पडली, जानेवारी ते मार्चची पुढे आली. मुलांच्या पायांतले कसब काही एका उन्हाळ्यात बदलले नव्हते.

सापेक्ष वय आणि शारीरिक परिपक्वता या गोष्टी नेहमी एकत्र उच्चारल्या जातात, पण त्या वेगळ्या आहेत. सापेक्ष वय जन्मतारखेने ठरते आणि त्याचा प्रभाव सहा-सात वर्षांच्या मुलांतही दिसतो. परिपक्वता, म्हणजे मूल वयात केव्हा येते हे, बरेचसे आनुवंशिक असते आणि तिचा प्रभाव साधारण अकरा-बाराव्या वर्षानंतर जाणवतो. मुलग्यांची उंची सरासरीने चौदाव्या वर्षाच्या आगेमागे सर्वांत झपाट्याने वाढते. त्या काळात एकाच वर्गातली दोन मुले हाडांच्या वयाने, म्हणजे हाडे किती पक्व झाली आहेत त्या हिशेबाने, चार-पाच वर्षांनी वेगळी असू शकतात. डिसेंबरात जन्मलेला पण अंगापिंडाने थोराड मुलगा टिकून जातो. डिसेंबरात जन्मलेला आणि उशिरा वाढणाराही असेल, तर त्याला दोन्हीकडून मार बसतो.

तरीही काही जण तगतात. हॅरी केनचा जन्म २८ जुलै १९९३ चा, म्हणजे इंग्लंडच्या हिशेबाने आपल्या गटातल्या सर्वांत लहान मुलांपैकी एक. आर्सेनलच्या अकादमीने त्याला एका हंगामानंतर सोडून दिले, तेव्हा तो जेमतेम आठ-नऊ वर्षांचा होता. पुढे टॉटनहॅमने त्याला घेतले. २०१८ च्या विश्वचषकात तो सर्वाधिक गोल करणारा ठरला आणि २०२३ मध्ये इंग्लंडचा सार्वकालिक सर्वाधिक गोल करणारा खेळाडू झाला. अकादमीत टिकलेल्या वर्षअखेरच्या मुलांतून व्यावसायिक खेळाडू होण्याचे प्रमाण तुलनेने चांगले असते, असे काही अभ्यास सांगतात. सतत मोठ्यांशी झुंजल्याने त्यांचे तंत्र आणि चिवटपणा घासून निघतो, हे त्यामागचे कारण पटण्याजोगे आहे. मात्र हे समाधान टिकलेल्यांपुरते आहे. केनसारखे एक नाव घेऊन ‘खरा हिरा चमकतोच’ म्हणणे मला मान्य नाही, कारण आठव्या वर्षी घरी गेलेल्या बाकीच्या मुलांची नावे आपल्याला माहीतच नसतात.

उपायांत सर्वांत आधी सुचतो तो तारीख बदलण्याचा, आणि तोच सर्वांत निरुपयोगी आहे. रांग तीच राहते, शेपटाला दुसरे महिने येतात. अमेरिकेने २०१६-१७ मध्ये युवा फुटबॉलचे वर्ष १ जानेवारीवर आणले. आता तिथल्या प्रमुख युवा संघटनांनी २०२६-२७ पासून १ ऑगस्टची तारीख जाहीर केली आहे. शाळासोबत्यांना एका संघात खेळता यावे हा त्यामागचा हेतू रास्त आहे, पण या परिणामावर तो इलाज नव्हे. जाणीव वाढली की प्रश्न आपोआप सुटेल ही आशाही फोल ठरली. हेल्सेन यांनी युरोपातील दहा देशांच्या व्यावसायिक लीगमधील २०००-०१ आणि २०१०-११ या हंगामांची तुलना २०१२ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा दहा वर्षांच्या संशोधनाने फारसा फरक पडलेला नव्हता.

परिपक्वतेनुसार गट पाडण्याची ‘बायो-बँडिंग’ ही पद्धत अधिक आशादायक आहे. २०१५ मध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगने अकादमीतील ११ ते १४ वर्षांच्या मुलांची अशी स्पर्धा भरवली. प्रौढपणी अपेक्षित असलेल्या उंचीच्या ८५ ते ९० टक्के उंची गाठलेली मुलेच एकमेकांविरुद्ध खेळली. लवकर वाढलेल्यांना पहिल्यांदाच ताकदीऐवजी तंत्रावर भिस्त ठेवावी लागली आणि उशिरा वाढणाऱ्यांना चेंडू हाताळायला, पुढाकार घ्यायला वाव मिळाला. बेल्जियमच्या संघटनेने उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी ‘फ्युचर्स’ या नावाने वेगळे राष्ट्रीय संघच उभे केले.

सर्वांत स्वस्त उपाय नेदरलँड्समधून आला. डेव्हिड मान आणि प्लॉन व्हान गिनेकेन यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खेळाडू हेरणाऱ्या स्काउटांना मुलांचा सामना दाखवला. नुसत्या जन्मतारखांची यादी हातात देऊन स्काउटांचा मोठ्या मुलांकडे झुकणारा कल सुटला नाही. पण जर्सीचे क्रमांक वयाच्या क्रमाने लावले, तेव्हा तो नाहीसा झाला. ऐन पळापळीत पाठीवरचा आकडाच सांगत होता की हा गटातला सर्वांत लहान आहे.

अशी कल्पना शाळेच्या मैदानावरही राबवता येईल, पण त्यासाठी जन्मतारीख खरी हवी. महाराष्ट्रात नेमकी तिथे अडचण आहे. शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून दाखल्यावर १ जून ही तारीख मास्तरांनीच टाकलेली माणसे आपल्या प्रत्येकाच्या नात्यात असतात. त्यात स्पर्धेसाठी वय चोरण्याची कीड वेगळीच. आपल्या शालेय स्पर्धांचे १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटही रुंद आहेत. सतरा वर्षांखालच्या संघात नववीतला मुलगा अकरावीतल्याशी भिडतो, तिथे महिन्यांऐवजी सबंध वर्षांचा फरक काम करतो. २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक नवी मुंबई आणि गोव्यातही खेळला गेला. त्या वयोगटात फिफा मनगटाच्या एमआरआयने वय पडताळते. ती तपासणी वयाने मोठ्या मुलाला बाहेर काढते, लहान मुलाला आत आणत नाही.

जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशासाठी जन्मदाखला हाच तारखेचा पुरावा ठरवला आहे. त्यात मोडणारी पहिली मुले ऑक्टोबर ते डिसेंबर २०२३ मधली, म्हणजे आपल्या गटाची शेवटची तिमाही. नऊ वर्षांखालील चाचण्यांना ती २०३१ मध्ये उभी राहतील.