समुद्राच्या शेतीलाही नत्र लागतं

ज्वारीची खालची पानं पिवळी पडली की परभणीकडचा शेतकरी लगेच ओळखतो, नत्र कमी पडलं. जपानच्या सेतो या जमिनीने वेढलेल्या समुद्रात नोरी नावाचं शेवाळ जाळ्यांवर पिकवतात. तेही असंच फिकट, पिवळसर निघू लागलं. भाव पडला, उत्पादन घटलं.

एकेकाळी तिथे उलटं दुखणं होतं. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद एवढं वाढलं होतं की पाणी लाल व्हायचं, मासे मरायचे. 1973 पासून कडक कायदे आले, समुद्र निवळला आणि शेवाळाचं खाद्यही आटलं. पण सगळा दोष एकट्या स्वच्छतेला देणं मला पटत नाही. त्यासाठी मॉडेल काय सांगतं ते पाहावं लागतं.

मॉडेल म्हणजे नत्राचा जमाखर्च. समुद्राचे कप्पे पाडायचे आणि प्रत्येकात नदीने किती आणलं, तळाच्या गाळातून किती सुटलं, भरती-ओहोटीने किती बाहेर नेलं, हे मांडत पुढे सरकायचं. नोरी हिवाळ्यात वाढते. नेमके तेव्हाच डायटम नावाचे सूक्ष्मजीव फोफावले तर नत्र आधी तेच फस्त करतात. म्हणून वर्षाची सरासरी इथे फसवी ठरते. शिवाय शैवाल पेशीत नत्र साठवून ठेवतं. वाढ या आतल्या साठ्यावर ठरते, हे गणित शैवालाचे अभ्यासक मायकेल ड्रूप यांनी 1968 मध्ये मांडलं. त्यामुळे आज पाण्यातलं नत्र संपलं तरी पीक काही दिवसांनी फिकट पडतं.

आपला समुद्राशी काय संबंध, असं मराठवाड्यात कुणी म्हणू नये. आपल्या शिवारातून वाहून गेलेला युरिया गोदावरीतूनच बंगालच्या उपसागराची वाट धरतो. पैठणला 1976 मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडीत पाणी थांबतं, गाळ बसतो, गाळाला चिकटलेलं स्फुरदही मागे राहतं. गोदावरीच्या मुखाचं मॉडेल करायचं तर नाथसागराचे, म्हणजे जायकवाडीचे, दरवाजे कधी उघडले, ही नोंद त्यात हवीच.

जपानने 2021 मध्ये कायदा बदलून समुद्राला जरुरीपुरतं खाद्य मिळू द्यायची सोय केली. अवाजी बेटावर तर शेतकरी आणि कोळी मिळून शेततळी उपसतात आणि ते गढूळ पाणी समुद्राला देतात. आपण तळ्यांचा गाळ हलक्या रानात टाकतो, तसाच हा गाळ. फक्त तो कोणत्या आठवड्यात सोडला तर डायटमऐवजी नोरीच्या वाट्याला येईल, हे अंदाजाने सांगता येत नाही. त्यासाठी पुन्हा मॉडेलच चालवावं लागतं.